खाणीच्या बाई

खाणीच्या बाई बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि कान टवकारायच्या. "बेडूक गप्प झालेत. खाली कोणीतरी आलंय," म्हणायच्या. भर सकाळी माझ्या अंगावर काटा यायचा. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई वारज्यात आमच्याच इमारतीत एकट्या राहायच्या. मागच्या पडीक दगडखाणीत पाणी साठलं होतं, तिथे त्यांची रोज फेरी असे. त्यावरून हे नाव पडलं.

विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ त्या पाण्यात फेकायच्या आणि अडकून आलेलं निरखत बसायच्या. त्या वर्षी गळाला हिरव्या पिसांसारखं काहीतरी लागलं. "हे इकडचं नाही," बाई म्हणाल्या. ते जिथवर पोचलं असेल तिथे काठावर दर शनिवारी बांबूची काठी रोवू लागल्या. वारा नसो, पाणी निपचित असो, नवी काठी चार पावलं पुढेच लागायची.

"पावसाळ्यात खाण वाहते. नाल्यातून हे मुठा नदीत गेलं की आटोपलं. कुठून आलं कळलं, तर उपाय ठरवता येईल." त्या दारोदार विचारत फिरल्या. लोकांनी वेड्यात काढलं. माझ्याही दारात आल्या. "अहो, आपल्याला काही माहीत आहे?"

मी नाही म्हणालो. कंपनीने सहा महिने अमेरिकेला पाठवलं, तेव्हा घरातली माशांची टाकी मीच खाणीत रिकामी केली होती. मासे मरू नयेत म्हणून! बायकोने पाण्याला हळदकुंकूही वाहिलं होतं. माशांबरोबर टाकीतली ती पिसंही गेली.

"मग पक्ष्यांच्या पायांना लागून आलं असेल. बी धरायच्या आत उपटू," बाई म्हणाल्या. मला लाज वाटत होती, म्हणून दर रविवारी मुकाट त्यांच्याबरोबर उपटायला जाऊ लागलो. हातात तुकडे यायचे, पुढच्या रविवारी दुप्पट दिसायचं. तळातून कोणी मोजून परत पाठवतंय, असं वाटून मला पाण्यात हात घालवेना.

जुलैत खाण ओसंडली. नाल्यातून हिरवी पिसं नदीकडे निघालेली पाहिली आणि मी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी वाकून पाण्यातला एक तुकडा उचलला. मग म्हणाल्या, "टाकीतलं झाड तुकड्यातुकड्यातून वाढतं. उपटलं नाही हो आपण, पेरलं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या. भेटल्या की हसायच्या, चहाला बोलवायच्या. पाण्याचा विषय मात्र त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी काढला नाही.