पौषातली हरळी

सोलापूरला हायस्कुलात शिकायला निघालो, तेव्हा माझे वडील, आबा, टेंभुर्णीपर्यंत चालत आले होते. सर्व्हिस मोटार सुरू झाली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "लई शिक. पण रानातलं काम इसरू नगंस." मोटार हलल्यावरही ते काहीतरी बोलत होते. ते मला ऐकू आले नाही.

आता पुण्याच्या कॉलेजात दुसरे वर्ष चालू आहे. गावाकडे राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखेच गाव सोडून आलेल्यांनाही, हे सांगावे असे पुष्कळदा वाटते. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मॅट्रिकच्या वर्षी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका वकीलसाहेबांच्या नव्या बंगल्यावर माझी राहण्याजेवणाची सोय झाली होती. त्याबदल्यात त्यांचे लॉन सांभाळायचे. बंगला त्याच दिवाळीत बांधून झाला होता आणि लॉनसाठी त्यांनी लगेच पुढच्या अंगणात हरळी लावायला घेतली. आमच्याकडे हरळी भर उन्हाळ्यात खणून काढतात, मुळ्या उन्हात वाळवतात, तरी मृग पडला की ती पुन्हा वर येते. मी भीतभीत म्हणालो, "साहेब, थंडीत ती धरणार नाही. पावसाळ्यात लावू."

"मलाही कळतं रे ते. पण कलेक्टरसाहेब संक्रांतीनंतर चहाला येणार, पावसाळ्यात नाही. तू शेतकऱ्याचा मुलगा. तुला जमत नसेल तर सांग, दुसरा मुलगा बघतो."

मी जमेल म्हणालो. परीक्षा तोंडावर होती. दुसरीकडे कुठे राहणार?

पौषातला कोरडा वारा सुटला आणि हरळी टोकांपासून पिवळी पडू लागली. संध्याकाळी तिच्यावर पाला पसरायचा, सकाळी ऊन वर आले की तो काढून झारीने पाणी द्यायचे. कापायची तर मुळीच नाही. इतके करूनही ती फुटत नव्हती, नुसती तग धरून होती.

अशाच एका सकाळी आबा दारात उभे राहिले. झारीकडे पाहून आधी हसले. "आरं, जन्मभर खणली तरी मेली न्हाय. वकिलाच्या दारात आली आन् मराया लागली व्हय?"

मग खाली बसून त्यांनी येण्याचे कारण सांगितले. विहिरीखालचा गहू ओंबीवर आला होता, आणि आई हिवतापाने अंथरुणाला खिळलेली. "मी एकला मोट हाकू का वाफ्याची दारं धरू? चार-आठ दिस चल की."

मी वकीलसाहेबांचे म्हणणे त्यांना सांगितले. आबा बराच वेळ त्या पिवळ्या गवतावरून हात फिरवत राहिले. शेवटी उठले. "ऱ्हा हितंच. हिला पानी दे." पाणीसुद्धा न पिता ते निघून गेले.

चहापान झाले. आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी लॉन पाहिले आणि भवानी पेठेतून मोठमोठे जमखाने आणवून सगळ्या गवतावर अंथरले. पाहुणे त्यांवरच बसले. जमखान्यांची वीण फार सुरेख आहे, असे त्यांच्यातले कोणीतरी म्हणाले.

गावाकडचा गहू ओंबीतच वाळला. आबांनी त्यात गुरे सोडली. हे मला परीक्षेनंतर घरी गेल्यावर आईकडून कळले. आबांनी कधी शब्द काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

गेल्या नाताळच्या सुटीत गावी गेलो होतो. विहिरीवर मोट चालू होती आणि वाफ्यात शेजारचा गडी उभा होता. मी धोतर खोचून वाफ्यात उतरू लागलो, तशी आबांनी वरून हाक मारली. "तू नगं उतरू. कापडं मळत्याल." आवाजात राग नव्हता. पाहुण्याला बोलावे तसे बोलले.

मी बांधावर बसून राहिलो. पाणी माझ्यासमोरून एकेका वाफ्यात जात होते. पुण्यात कोणी तुझे घर कुठे म्हणून विचारले, तर मी गावाचे नाव सांगतो. तिथे माझ्यावाचून कोणतेच काम अडत नाही, हे सांगत नाही.