बसमधले पेढे
आज कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि वेलदोड्याच्या वासाबरोबर मला शेजारच्या सीटवर बसणारा तो वेल्डर आठवला. रावेतहून चाकणला जाताना तो मोबाइलवरच्या एका ग्रुपमधल्या अनोळखी लोकांना थोडं थोडं क्रिप्टो उसनं द्यायचा. सुरुवातीला एक-दोघांनी व्याजासकट परत केलं, तसा त्याचा विश्वास बसला. मग एकाने बायकोच्या बाळंतपणासाठी मागितलं आणि याने ओव्हरटाइमचे पैसे त्यात घालून दिले. काही दिवसांनी त्या माणसाने तान्ह्या मुलीचा फोटो पाठवला, तर हा पठ्ठ्या सकाळी पेढे घेऊन बसमध्ये हजर! "भावा, आपल्या पैशाने एक लेकरू सुखरूप आलं," म्हणत त्याने ड्रायव्हरलाही पेढा भरवला. पुढे ते खातं बंद झालं, आणि तोच फोटो लावून दुसऱ्याच नावाचं कुणीतरी बाळाच्या औषधाला उसने मागू लागलं. बुडालेल्या पैशांबद्दल तो कधी बोलला नाही, "मग ती पोरगी कुणाची रे?" एवढंच विचारत राहिला. वर्षभराने त्याला स्वतःला मुलगी झाली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो बसमध्ये चढला, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ही तरी खरी ना, राव?" सगळी बस हसली. तोही हसला, पण बॉक्स मांडीवर धरून बसला आणि चाकण येईपर्यंत त्याने तो उघडलाच नाही. आज बॉक्स माझ्यापुढे आला तेव्हा मी दोन पेढे उचलले. एक त्याच्या लेकीचा राहिला होता.