पाच नंबरचं मशीन

टायपिंगचे सर आमच्याकडे पाठ करून बसत. सदाशिव पेठेतल्या त्या माडीवर दहा मशिनं एकदम खडखडत असायची आणि सर खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणायचे, "तीन नंबर, खाली बघितलंत." तीन नंबरने खरंच बोटांकडे बघितलेलं असायचं! बघून टाइप केलं की ताल अडखळतो, तो त्यांच्या कानाला बरोबर कळायचा. आम्हाला नावं नव्हतीच, मशीनचा नंबर हेच नाव. मी पाच नंबर. यवतमाळहून आलेली, पुण्यातल्या 'अहो'ला बिचकणारी.

पान संपलं की उठायचं, हा सरांचा नियम. माठातलं पाणी प्यायचं, खिडकीतून लांबचं झाड बघायचं, मगच नवा कागद. कुणी घाई केली की ऐकवायचे, "अहो, बोटं तुमचीच आहेत, भाड्याने आणलेली नाहीत. जपा." डबा खाल्लात का, हेसुद्धा हजेरी घेतल्यासारखं विचारायचे.

तपासायला ते कागद कधी वाचत नसत. "तुम्हीच वाचा, मोठ्याने. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडून आली की परत होत नाही." केवढं कौतुक वाटायचं आम्हाला! एकदा सहीसाठी मी घाईत कागद उलटा पुढे केला. सरांनी तशीच सही केली. टेबलाचा कोपराही रोज त्यांच्या मांडीला लागायचा, तेही मी बघत होते. मला कळलं होतं हो. पण सरांना विचारणार कोण? मी गुपचूप कागद सरळ केला आणि जागेवर जाऊन बसले.

तेव्हा बुधवार पेठेत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. सरांची चार मशिनं कव्हरखालीच राहायला लागली. मीही कॉम्प्युटर शिकले, हिंजवडीला नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "तिथे पान संपलेलं दिसणार नाही. तरी उठत जा."

मी कसली उठतेय! दोन वर्षांत मान आखडली, डोकं ठणकायला लागलं, तेव्हा कुठे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझं चष्म्यावर भागलं. भिंतीवर काचबिंदूचा तक्ता होता, म्हणून सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "नजर कडेकडेने जाते, माणसाला पत्ता लागत नाही. वेळेवर आला तर आहे ती वाचवता येते. गेलेली परत येत नाही." मला टेबलाचा तो कोपरा आठवला.

तशीच माडी चढले. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दारातच हळू आवाजात सांगितलं, "सहा महिने झाले. आता उजेड-अंधार तेवढा कळतो." मी आत गेले, पाच नंबरवरचं कव्हर काढलं, कागद लावला आणि टाइप करत बसले.

"पाच नंबर," खिडकीजवळून सर म्हणाले. "डोळे तपासलेत?"

"हो सर. आजच."

"बरं केलंत. मी टाळत राहिलो. सरांना दिसत नाही म्हटल्यावर पोरं कोण पाठवणार? क्लास टिकवायचा होता. तोही गेलाच." मग त्यांनी विचारलं, "सही झाल्यावर कागद फिरवल्याचा आवाज आला होता मला. तुम्हीच ना त्या?"

"हो सर."

"मग बोलायचं होतं हो."

रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी माझं पान संपेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "उठा. पाणी प्या."

सर आता नाहीत. ऑफिसात कुणी डोळे बारीक करून पडद्याकडे बघताना दिसलं, की मी सरळ त्याच्या जागेवर जाऊन विचारते, अगदी साहेबांनासुद्धा. भोचक म्हणतात मला. म्हणू देत.