पुढे ढकललेली इद्दत

शुक्रवारी दुपारी आम्ही अम्मीला इथल्या, आखातातल्या हमरियाच्या समुद्रावर नेतो. हवा दमट आणि धुळकट असली की आभाळ कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं, काही कळत नाही. लांबची जहाजं नुसती अधांतरी दिसतात. अम्मी एसी लावून गाडीतच बसते. वय अठ्ठ्याऐंशी, अर्धी झोपेत, अर्धी रत्नागिरीकडच्या आमच्या गावात. मधूनच एखाद्या जहाजाकडे बोट दाखवते, "हे आलं की चाललं?" मला काय कळतंय? पण मी ठोकून देते, "आलं."

त्या दिवशी माझी लेक मागच्या सीटवर शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती. इंग्रजांच्या राज्यातल्या बायका आणि दुसरं महायुद्ध, असा विषय. "नानी, व्हॉट डिड युवर मदर डू इन द वॉर?"

"खोटं बोलायची," अम्मी म्हणाली.

मी चरकले. आपल्या आईबद्दल अम्मी कधीच चांगलं बोलली नाही. का, ते विचारायची हिंमत पन्नाशी उलटली तरी मला झाली नव्हती. पोरीने एका दमात विचारून टाकलं होतं.

अम्मी सांगू लागली, थांबत, मधेच डोळे मिटत. ती सहा वर्षांची होती. गावातले धडधाकट पुरुष गोऱ्यांच्या आगबोटींवर गेले होते, तिचे अब्बाही. शेतं बायकांच्या अंगावर पडली होती. ऐन भातलावणीत मुंबईहून इंग्रजी कागद आला. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, तो शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला, त्यांना गप्प राहायची शपथ घातली, घरी येऊन कणग्यातल्या भातात खोल खुपसला आणि पुन्हा चिखलात उतरली. अम्मीने विचारलं, अब्बा कधी येणार? ती म्हणाली, "भात कापून झाल्यावर."

भात कापून झालं, तेव्हा आजीने बांगड्या फोडल्या. आगबोट बुडाल्याची खबर होती त्या कागदात.

"नवरा गेला की इद्दत असते," मी लेकीला समजावलं. "चार महिने दहा दिवस बाईने घरात बसायचं. ती बसली असती तर लावणी कोणी केली असती? वर्षभर खाल्लं काय असतं?"

"ते मला कळतं गं," अम्मी चिडली. "पण मी रोज बंदरावर जाऊन बसायची. तिला माहीत होतं, तरी जाऊ द्यायची. मरताना तिने पाणी मागितलं. मी दिलं, पण बोलले नाही."

मला ते ऐकवेना. "यल्ला, निघू या," म्हणत मी गिअरला हात घातला.

"मॉम, वेट." लेक पुढे वाकली. "बट नानी, यू वर सिक्स. यू वुड हॅव टोल्ड एव्हरीवन."

अम्मीने काचेतून लांबच्या जहाजाकडे पाहिलं.

"सांगितलंच असतं," ती म्हणाली. "विहिरीवर जाऊन आधी तेच सांगितलं असतं. मग बायकांनी तिला घरात बसवली असती." तिने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे तेवढे महिने अख्ख्या गावात ती मनातल्या मनात एकटीच विधवा होती. रोज बांगड्या वाजवत माझ्यासमोर जेवण वाढायची."

तिने दुआसाठी दोन्ही हात वर केले. दुआ काही येईना.

"माँ," ती म्हणाली, "मी लहान होते गं."