गुडघ्याच्या मापाचा ओटा

वाडीला आमच्या गोदामाच्या मागे एक शेतघर आहे. चारी बाजूंनी पत्र्याची शेडं आणि मधोमध हे कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर, त्यामुळे नवा ट्रक ड्रायव्हर हमखास विचारतो की इथे मंदिर आहे का. मी ट्रान्सपोर्टमध्ये बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडणारा माणूस, मला इमारतींतलं काही कळत नाही. पण सहा वर्षं मी दुपारचा डबा तिथेच खाल्ला, तेव्हा जागेश्वरभाऊंबद्दल सांगायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

जागेश्वरभाऊ तिथले राखणदार. विशीत सालगडी म्हणून आले तेव्हा घराभोवती वीस एकर कापूस होता. पुढे शेताचे तुकडे विकले गेले, मालक शहरात रामदासपेठेत राहायला गेले, बैलही गेले. घर आणि भाऊ तेवढे मागे राहिले. घर मात्र बघण्यासारखं. मातीच्या दीड हात जाड भिंती, त्यामुळे मे महिन्यात आत शिरलं तरी डोकं शांत होतं. सागवानी खांबांना एक खिळा नाही, सगळं खाचांत बसवलेलं. कापसाच्या खोलीला खिडकी नाही, पण वर छताशी ओळीनं झरोके, गरम हवा निघून जावी म्हणून. मालकांच्या पणजोबांनी, महादेवरावांनी, ते शंभर वर्षांपूर्वी बांधलं. "सावकारानं नाई गा, कास्तकारानं बांधलं हाये," हे भाऊ दरवेळी ठासून सांगत, जणू मी नाही म्हणत होतो.

मागच्या बाजूला उतरत्या छपराखाली, छपरीत, जुनी चूल आणि तिच्याशेजारी एक मातीचा ओटा होता. पावसाळ्याआधी छपरावरचं एकेक कवेलू उचलून, झाडून पुन्हा बसवावं लागतं. वीस वर्षांपूर्वी ते काम करताना भाऊ खाली पडले आणि उजवा गुडघा कायमचा ताठला. मांडी घालून जेवता येईना. तेव्हा त्यांची बायको रंभाबाई हिनं त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, दोरीनं गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं आणि मातीत कुटार, म्हणजे भुसा, तुडवून बरोबर त्या मापाचा ओटा घातला. उजव्या अंगाला तो उतरता ठेवला, ताठ पाय पसरता यावा म्हणून. मी एकदा त्यावर बसून पाहिलं, मला काही नीट बसता आलं नाही.

रंभाबाई जाऊन आठ वर्षं झाली. मूलबाळ नाही. भाऊ दर शनिवारी ओटा शेणानं सारवत, कडेनं छुईमातीचा पांढरा पट्टा ओढत आणि त्यावर बसून जेवत. जेवता जेवता चुलीकडे बघून एखादं वाक्य बोलत. मला वाटायचं माझ्याशीच बोलतात, म्हणून मी आपला "हो हो" करायचो. माझा तिथे काही संबंध नव्हता हे कळायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी घराला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. भाऊंना आभाळ ठेंगणं झालं. घर पाडून शेड टाकायला टपलेले लोक आता गप्प बसणार होते. मग निरोप आला की तज्ज्ञ मॅडम घराची नोंद करायला येणार. भाऊ घाबरले. "त्याईले काय सांगू गा मी?"

आम्ही पडलो उंटावरचे शहाणे. म्हणालो, "काहून घाबरता? खोट्याच्या कपाळी गोटा. जे हाये थे खरं सांगा."

वैभवी मॅडम भल्या होत्या. चपला बाहेर काढून आत आल्या, भाऊंच्या हातचा चहा प्यायल्या. एकेका वस्तूला हात लावून जुनी की नंतरची ते विचारत गेल्या. छपरीत आल्यावर म्हणाल्या, "हा ओटाही महादेवरावांच्या काळातला का?"

आठ वर्षांत त्या ओट्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. भाऊंची छाती फुगली. "नाई नाई मॅडम! हे माह्या रंभीनं केलं. एकटीनं, तीन दिवसांत." दोरीचं माप सांगितलं, माती कुठल्या नाल्यातून आणली तेही सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. त्या गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "रंभीचं नाव सरकारात गेलं, भाऊ."

फेब्रुवारीत मंजुरी आली. घर मूळ रूपात आणायचं, नंतरची भर काढून टाकायची. चूल मूळची, ती राहणार. ओटा नंतरचा.

कामाच्या दिवशी भाऊ लंगडत मला बोलवायला आले. आम्ही पोचलो तेव्हा मजूर सब्बल-पहारी घेऊन छपरीत उभे होते. भाऊ मॅडमसमोर गेले आणि हात जोडले.

"मॅडम, मी तवा खोटं बोललो. ओटा जुना हाये. मालकाच्या आजीनं घातला. माह्या बायकोनं काई नाई केलं."

मॅडमनी हातातली फाइल मिटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मला कळतंय हो. पण तुम्ही सांगितलेलंच कागदावर गेलंय, त्यावरच मंजुरी आलीय. आता ते बदललं तर घराचं सगळं काम अडेल." त्यांचेही डोळे भरले होते. त्यांना शिव्या घालता आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ओटा अर्ध्या तासात गेला. भाऊंनीच मजुरांना प्यायला पाणी दिलं. जमीन सपाट झाली आणि छपरी खरंच सुंदर दिसू लागली, हे मला कबूल करावं लागतं.

सगळे गेल्यावर मी ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची आणून चुलीशेजारी ठेवली. भाऊ तिच्यावर बसले नाहीत.

"माझंच चुकलं भाऊ," मी म्हणालो. "खरं बोला म्हणून मीच सांगितलं."

त्यांनी मान हलवली. "खऱ्याचं काई नाई गा. मातीचा व्हता, आज ना उद्या गेलाच असता."

मग चुलीकडे बघत ते म्हणाले, "पण मी इथंच उभा राहून म्हटलं ना, तिनं काई नाई केलं म्हून. थे तिनं आयकलं असन काय?"