केसरबाईच्या पोत्याचा टॅग

देऊळगाव राजाच्या एका बियाणे संस्थेत मंजुश्री कॉम्प्युटर सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, प्रिंटर अडला तरी मंजुश्री, नेट गेलं तरी मंजुश्री, आणि अध्यक्ष उत्तमरावांचा मोबाइल गरम झाला तरी मंजुश्रीच! पोरगी हसून सगळं करते. पण त्या सोमवारी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झालं असं, की बियाण्याच्या पोत्यांचे टॅग छापणारं सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालायचं. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात नांदणारा दुसरा कॉम्प्युटर. जुना सर्व्हर थकला, नवा आला, आणि मंजुश्रीनं ते पोटातलं मशीन उचलून नव्यात ठेवलं. उचलताना नुसती डिस्क घेतली. सोबत एक लहानशी माहितीची फाइल होती: मशीन कोणी बनवलं, कितवी आवृत्ती, कोणाला दिलं. ती तिला नुसतं वेष्टन वाटली. गहू घ्यावा, बारदान कशाला! मशीन झोकात सुरू झालं. टॅग छापायला लावला, तर म्हणतं कसं, ‘या मशीनची ओळख सापडत नाही.’

आणि पहिला लॉट नेमका तिच्या मायचा. केसरबाईचा जन्म दुसऱ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या फुलांचं क्रॉसिंग, म्हणजे हातानं परागीकरण, करण्यात गेला. यंदा पहिल्यांदा तिनं स्वतःच्या नावानं शेडनेट घेतलं होतं. टॅग नाही तर बियाणं गाडीत चढत नाही, आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. ती चुकली की यंदाचा हंगाम गेला.

मंजुश्रीनं बुलढाण्याला कुलदीपला फोन लावला. सर्व्हर त्यानंच बसवून दिला होता.

“ताई, काऊन घाबरून राह्यल्या? त्या ओळखीच्या रकान्यात कायबी टाका ना. आवृत्ती दोन लिहा, तीन लिहा. कोण पाहून राह्यलं?”

बोटं कीबोर्डवर गेली, खोटं कशाला बोला? पण पोरगी क्रॉसिंगवालीची. हातानं पराग लावलेल्या फुलाला बाया खुणेचा लोकरीचा दोरा बांधतात. दोरा सुटलेलं फळ कितीही लालभडक असू द्या, बियाण्यात जात नाही. पडलेला दोरा उचलून अंदाजानं बांधणारी बाई दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नाही. अशा घरची मंजुश्री, आणि अंदाजानं ओळख लिहिणार? छ्या!

ती सरळ उत्तमरावांपुढे उभी राहिली. “भाऊ, चूक माही हाय. जुना सर्व्हर परत चालू करा लागते.”

“अवं, तो तं सकाळीच गोपाल भंगारवाल्यानं नेला!” उत्तमराव कडाडले. “आधी काऊन नाही सांगितलं?”

मंजुश्रीनं तडक स्कूटी काढली नि बाजार गाठला. गोपाल पेचकस घेऊन बसलाच होता. वरचं झाकण निघालं होतं.

“गोपालदादा, हात लावू नको!” ती रस्त्यावरूनच ओरडली.

गोपाल बिचारा दोन्ही हात वर करून उभा राहिला. लोक बघायला लागले. तिला त्याची शुद्ध होती कुठं? तो सर्व्हरचा डबा पायांशी ठेवून तिनं गाडी हाणली.

संस्थेत वायर जोडली, पंखा घरघरला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. या वेळी अख्खं पॅकेज बाहेर काढलं, माहितीच्या फाइलीसकट. नव्यात घेताना नाव, आवृत्ती, सगळ्या सेटिंग्ज एकेक वाचल्या, जुन्याशी ताडून पाहिल्या, मगच बटण दाबलं. मशीननं ओळख दिली. टॅग छापायचा हुकूम गेला नि प्रिंटर कुरकुरला.

निरोप मिळताच केसरबाई आली. मंजुश्रीनं टॅग तिच्या हातात दिला. उत्तमरावांचा राग एव्हाना निवळला होता. त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं, “उत्पादक, केसरबाई इंद्रभान.”

केसरबाईनं दाभण मागून घेतलं आणि पोत्याच्या तोंडाशी टॅग स्वतः शिवला. मग त्यावरून बोट फिरवत लेकीला म्हणाली, “माह्या नावाचं बियाणं! कोणाकोणाच्या वावरात उगवन वं आता?”