राखून ठेवलेलं पाणी

एखाद्या माणसावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मी फारसं लिहिलेलंही नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण नर्सबाईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

नर्सबाई आमच्या वाड्यावर कुणाकडेच पाणी पीत नसत. कारापूरच्या आमच्या भागात दारी आलेल्याला गूळ आणि पाणी देतात. बाई गूळ आवडीने खायच्या, बोटं चाटायच्या आणि तांब्या हळूच बाजूला सारून पिशवीतली आपली बाटली काढायच्या. आईला ते फार लागायचं. "गूळ आमचो चलता, पाणी चलना," ती तोंडावरच म्हणायची. बाई हसायच्या. "गुळाक झरीचो त्रास ना, वहिनी."

आमचं पाणी झरीचं. तेच देवाला, तेच चुलीला. झरीच्या वरच्या अंगाला कुणीतरी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या संडासाचा खड्डा बरोबर झरीच्या माथ्यावर आला होता. बाई पेडण्याहून आमच्या उपकेंद्रात आल्या त्याच आठवड्यात डोंगर चढून तो खड्डा पाहून आल्या. पुढच्या पावसात घराघरांत जुलाब सुरू झाले.

त्यांची दुसरी सवय लिहायला मला संकोच वाटतो. त्या कुणालाही, कुठेही शौचाबद्दल विचारत. बसथांब्यावर, देवळाच्या पायरीवर. "पातळ की अगदी पाण्यासारखी? रक्त पडतं?" माणसं वाट बदलायची. तरी मीठ घातलेली पेज आणि मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी पाजत त्या दारोदार फिरल्या. तपासायला शौचाचा चांगला नमुना तेवढा मिळेना. लोक आधी साखळीच्या बाजारातून गोळ्या आणून खात आणि मग बाईंना कळवत. गोळी पोटात गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात प्रयोगशाळेत काही वाढेना. रिपोर्ट कोरा यायचा, आणि कोऱ्या रिपोर्टावर पंचायत खड्ड्याला हात लावायला तयार नव्हती.

"पोटात जंतू सगळ्यांच्याच असतात म्हणता, मग रिपोर्ट कशाला?" देवळाजवळ एकाने विचारलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो, पण मला चारचौघांत बोलायचं धाडस झालं नाही. बाई म्हणाल्या, "वाड्यावर सगळ्यांचं आडनाव गावसच ना? पण कोंबडी चोरणारा गावस एकच. जंतूंचंही तसंच आहे. नाव एक, जाती अनेक. कुठली जात चोर ते पकडल्याशिवाय पंचायत ऐकायची नाही." सगळे एकाच माणसाकडे बघून हसले.

सर्वांत मोठा विरोध शेजारच्या शाबूकाकांचा. झरीची साफसफाई त्यांच्या घराण्याकडे. "माझो बापूय ह्याच झरीचा पाणी पिवन म्हातारो जालो," असं त्यांनी ग्रामसभेत सुनावलं होतं. आणि मग एके सकाळी काकाच आजारी पडले. लाजेने त्यांनी दार लावून घेतलं. बाईंना कसं कळलं देव जाणे. त्या येऊन त्यांच्या सोप्यावर बसल्या. मी आमच्या सोप्यावरून ऐकत होतो.

"काका, गोळी घेतली?"

"मी जन्मात गोळी घेवंक नाय," आतून आवाज आला.

बाईंचा चेहरा उजळला. "मग दार उघडा. तुमच्यासारखो मनीस माका अख्ख्या वाड्यार गावलो नाय."

"झर बंद करूक?"

"झर राखूक."

बाईंनी नमुन्याची डबी काढून शेजारी ठेवली. मग पुडीचं पाणी ढवळत बसून राहिल्या, उठल्या नाहीत. शेवटी कडी वाजली. "डबी खंय?" काकांनी विचारलं.

त्या डबीत चोर सापडला. रोग करणारी जात होती, आणि झरीच्या पाण्यातही मैल्याची खूण निघाली. खड्डा हलवायचं ठरलं, झर बंद झाली. नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं. दोन कळश्यांसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायका बाईंच्या नावाने बोटं मोडायच्या. बाईंना कुणी गूळही देईनासं झालं. त्या येत राहिल्या, विचारत राहिल्या.

मग त्यांची तेरेखोलकडे बदली झाली. जायच्या दिवशी आईने राग विसरून गूळ पुढे केला आणि सवयीने तांब्याही. बाईंनी तांब्याला हात लावला, पण उचलला नाही. "माझा झरीचा पाणी राखून ठेवा, वहिनी," म्हणाल्या.

मी शिकायला म्हापशात होतो. मध्ये एक पावसाळा गेला. परवा आईचा फोन आला. झरीच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला होता आणि झर उघडली होती. शाबूकाकांनी स्वतः बाईंना निरोप धाडला होता. फेरीबोटीने नदी ओलांडून, बस बदलत बदलत बाई आल्या होत्या.

"गूळ दिलास ना?" मी विचारलं.

"दिलो," आई म्हणाली. "पण तो तसोच रवलो. आधी पाणी पिली."